जमा बंदुकीची पावती
(प्रस्तावना)

आमच्या घरी एक जुनी सागवानी पेटी आहे. तीत खसऱ्याच्या नकला, लगान भरल्याचे कागद आणि दोन पिढ्यांच्या लग्नपत्रिका ह्यांच्या तळाशी पोलीस ठाण्याने दिलेली, हिंदीत लिहिलेली एक पावती चौघडी घालून ठेवलेली आहे. एका लोकसभा निवडणुकीच्या आधी, जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या हुकमाप्रमाणे, माझ्या वडिलांनी आपली परवान्याची भरमार, म्हणजे ठासणीची, बंदूक ठाण्यात जमा केली, त्याची ती पावती. धान पोटरीवर आले म्हणजे बांध्यांत रानडुकरे शिरतात, आणि त्यांना हुसकून लावण्यासाठी मचाणावर रात्रभर जागल करावी लागते, एवढ्याच कारणाने ती बंदूक आमच्या घरात आली होती. आणि तिच्यातून जितके बार आपण उडविले त्याहून अधिक वेळा ती ठाण्यात पोचवली व परत आणली, असे वडील हसत सांगत असत. लहानपणी मला ह्या येरझारीचे कारण उमगत नसे. मतदानाचा आणि डुकरांचा काय संबंध, असे मी एकदा विचारलेही होते. पुढे कायद्याची पुस्तके चाळण्याचा नाद लागल्यावर माझ्या ध्यानात आले, की बालिश वाटणाऱ्या त्या प्रश्नाच्या पोटात राज्यशास्त्रातील एक मोठा प्रश्न दडलेला आहे : बहुमत ज्या दिवशी बोलते त्या दिवशी बंदुकीने मालखान्यात मुकाट बसावे हा संकेत जर लोकशाहीचा असेल, तर बहुमत चुकीचे बोलल्यास, आपले शस्त्र जमा करून रिकाम्या हाताने घरी परतलेल्या एकट्यादुकट्या माणसाने कशाच्या आधारावर उभे राहावे?

पुढील प्रकरणांत ह्या प्रश्नाचा विचार केला आहे, आणि तो बालाघाट जिल्ह्यात बसून केला आहे. ह्या बालाघाटचा मराठवाड्यातील त्याच नावाच्या डोंगररांगेशी काही संबंध नाही, हे पुण्यामुंबईच्या वाचकांस आरंभीच सांगून ठेवणे बरे. तिकडून येणाऱ्या पत्रांत हा घोटाळा नेहमीचा आहे. भंडारा, मंडला आणि सिवनी ह्या तीन जिल्ह्यांचे तुकडे जोडून १८६७ साली हा जिल्हा घडविण्यात आला, आणि त्या जोडणीची शिवण अजूनही हाताला लागते. वैनगंगेच्या खोऱ्यातील वारासिवनी, कटंगी, लांजीकडचा भाग तलावांचा, धानाचा, पोवारी आणि मराठी बोलणाऱ्यांचा. आणि घाट चढून वर गेले की बैहरचे पठार, साल वृक्षांचे, गोंड आणि बैगा लोकांचे, कान्हाच्या वाघांचे. ह्या एका जिल्ह्यात कास्तकाराची भरमार, मालगुजाराची विलायती दुनळी, बैगाचे धनुष्य, वनरक्षकाची काठी, नक्षलवाद्याची लुटलेली रायफल आणि शासनाचे आधुनिक स्वयंचलित शस्त्र अशी सगळी आयुधे मी माझ्या हयातीत पाहिली किंवा ऐकली आहेत. शस्त्र कोणाच्या हाती असावे ह्या प्रश्नाचा अभ्यास करण्यास ह्याहून सोयीची जागा हिंदुस्थानात फार थोडी सापडेल.

ह्या प्रश्नाचा इतिहास आमच्याकडे तोफेच्या आवाजाने सुरू होतो. १८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपुरात गोंड राजा शंकरशाह आणि त्याचा पुत्र रघुनाथशाह ह्यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्याच वर्षी हत्यारे काढून घेण्याचा पहिला कायदा झाला, आणि पुढे व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत, मार्च १८७८ मध्ये, सबंध देशाला लागू होणारा हत्यारांचा कायदा आला. त्याच महिन्यात देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही मंजूर झाला, हा योगायोग नव्हे. लेखणी आणि बंदूक ह्या दोन्ही वस्तू रयतेच्या हातात शोभत नाहीत अशी लिटनसाहेबांची प्रामाणिक समजूत होती, आणि त्यांतल्या त्यात त्यांना बंदुकीचे भय अधिक टिकाऊ वाटले असावे. कारण वृत्तपत्रांचा कायदा पुढचे व्हाइसरॉय रिपन ह्यांच्या काळातच रद्द झाला, परंतु हत्यारांचा कायदा इंग्रज गेल्यावरही पंधरा वर्षे आपल्या उरावर तसाच होता. ह्या कायद्यातून युरोपियनांस सूट होती. म्हणजे ज्या देशात साहेबाच्या खानसाम्याने साहेबाची बंदूक पुसावी, त्याच देशात त्या खानसाम्याने स्वतःच्या शेतासाठी तसलीच बंदूक बाळगली तर तुरुंगात जावे, असा तो न्याय होता. राजद्रोहाच्या भयापेक्षाही ह्या भेदातला अपमान सुशिक्षित हिंदी माणसाला अधिक झोंबला.

म्हणूनच स्वराज्याची मागणी करणाऱ्यांच्या अनेक जाहीरनाम्यांत शस्त्राचा हक्क आढळतो, आणि आजच्या वाचकाला हे वाचून आश्चर्य वाटते. मोतीलाल नेहरू समितीच्या १९२८च्या अहवालात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा अधिकार प्रत्येकास असावा असे कलम होते. त्या समितीवर आमच्या वऱ्हाडचे लोकनायक बापूजी अणे होते. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मिठावरील कर रद्द करण्याबरोबरच आत्मसंरक्षणासाठी लोकनियंत्रणाखाली बंदुकीचे परवाने मिळावेत हीही एक होती. अहिंसेच्या आचार्याने बंदुकीचे परवाने मागावेत ह्यात वरवर विसंगती दिसते; पण ज्याच्या हाती शस्त्रच नाही त्याच्या शस्त्रत्यागाला किंमत ती काय, हे त्यांचे तर्कशास्त्र ज्याला कळले त्याला ती दिसणार नाही. आणि १९३१च्या मार्चमध्ये, वल्लभभाई पटेल ह्यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यातही हा हक्क नोंदविलेला होता.

मग तो संविधानात का नाही?

ह्या प्रश्नाचे उत्तर घटना समितीच्या डिसेंबर १९४८च्या आरंभीच्या कामकाजात आहे, आणि ते वाचण्याजोगे आहे. मसुद्याच्या तेराव्या अनुच्छेदावर, जो पुढे एकोणिसावा झाला, चर्चा चालू असता हरि विष्णु कामत ह्यांनी शस्त्र बाळगण्याचा व धारण करण्याचा हक्क त्यात घालावा अशी दुरुस्ती सुचविली. कामत हे मूळचे मंगळूरकडचे, आय. सी. एस.ची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या मागे गेलेले. आणि घटना समितीत ते मध्यप्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी होते, म्हणजे त्या वेळच्या प्रांतरचनेनुसार आमच्या बालाघाटचेही. आपल्या जिल्ह्याच्या वतीने कोणी बंदुकीचा मूलभूत हक्क मागितला होता, ही गोष्ट येथील शंभरांतील नव्याण्णव माणसांना ठाऊक नाही. कामतांनी कराचीच्या ठरावाचे स्मरण करून दिले. त्यांची मागणी अनिर्बंध नव्हती. सार्वजनिक शांततेसाठी कायद्याने बंधने घालण्यास त्यांनी वाव ठेवला होता.

डॉ. आंबेडकरांनी दिलेले उत्तर थोडक्यात होते, पण त्यात तीन निरनिराळे पदर आहेत आणि ते एकमेकांत मिसळू देणे बरे नव्हे. पहिला असा, की कराचीचा ठराव परकीय सत्तेच्या संदर्भात झाला होता. जित लोकांनी संघटित होऊन सत्ता उलथू नये म्हणून इंग्रज शस्त्र नाकारीत होते, आणि ती परिस्थितीच आता उरलेली नाही. दुसरा असा, की प्रत्येकाला बाजारात जाऊन मन मानेल ते संहारक साधन विकत घेण्याचा हक्क मिळाला तर राज्यकारभार चालणार कसा हे आपल्याला समजत नाही. तिसरा पदर सर्वांत विचारप्रवर्तक : नागरिकाच्या शस्त्राच्या हक्कापेक्षा त्याच्या शस्त्राच्या कर्तव्याचा आग्रह कामतांनी धरावयास हवा होता; राष्ट्रावर प्रसंग ओढवला असता संरक्षणासाठी कोणाही नागरिकास पाचारण करण्याचा अधिकार राज्यास असावा. दुरुस्ती फेटाळली गेली. गांधीजींना पिस्तुलाच्या गोळ्या लागून तेव्हा दहा महिने झाले होते, आणि पंजाबातील फाळणीच्या कत्तली सभासदांच्या स्मरणात ताज्या होत्या. अशा सभागृहात बंदुकीच्या हक्काला दुसरे कोणते उत्तर मिळणार होते?

आज संविधानात हत्याराचा हक्काच्या अंगाने उल्लेख शोधू गेल्यास दोन ठिकाणे सापडतात. एकोणिसाव्या अनुच्छेदात शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे, म्हणजे शस्त्राचे नाव आले ते त्याच्या अभावापुरते. आणि पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात शिखांच्या कृपाणाला मान्यता आहे. बाकी सारे १९५९च्या शस्त्र अधिनियमावर सोडलेले आहे, जो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. ह्या अधिनियमाला जुन्या कायद्याची सुधारलेली आवृत्ती म्हणणे अन्यायाचे होईल. सुऱ्या, भाले, धनुष्यबाण असल्या वस्तू परवान्याच्या कचाट्यातून सोडविणे हा त्याचा एक उद्देश होता, आणि त्यामुळे बैगाचे धनुष्य कचेरीच्या दारातून सुटले. शिवाय त्याच्या तेराव्या कलमात, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी भरमार बंदूक मागणाऱ्याला, अन्य काही बाध नसल्यास, परवाना दिला पाहिजे अशी आज्ञार्थी भाषा आहे. आणि नकार द्यावयाचा असल्यास अधिकाऱ्याने कारण लेखी नोंदवावे, असे त्यापुढील कलम सांगते. ह्या शेवटच्या गोष्टीकडे मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. कान्हाच्या आसपासच्या गावांत मात्र १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार दहा किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवाचून नवा परवाना मिळत नाही, म्हणजे जेथे रानडुकरे सर्वांत जास्त तेथेच बंदूक सर्वांत दुर्मिळ. ह्यावर येथील कास्तकार काय म्हणतात ते छापण्याजोगे नाही.

डॉ. आंबेडकरांचा निर्णय योग्य होता असे माझे मत आहे, आणि ते मी आडपडदा न ठेवता सांगतो. ज्या समाजात पाणवठ्याला हात लावल्याबद्दल माणसाला मार खावा लागे, त्या समाजात बंदुकीचा हक्क सर्वांना दिला असता तर तो बहुजनांतील दुर्बळाच्या पदरात पडला नसता. तो गढीवाल्याच्या, मालगुजाराच्या आणि त्याच्या पोसलेल्या लठैतांच्या पदरात पडला असता. बाजारात मिळणाऱ्या वस्तूचा हक्क हा ज्याच्या कनवटीला पैसा आहे त्याचा हक्क होतो. परंतु निर्णय योग्य असला म्हणून त्याची किंमत चुकती झाली असे होत नाही. ज्याच्याकडून शस्त्र ठेवून घेतले त्याला पावती द्यावी लागते; आणि माझ्या मते संविधानाचा तिसरा भाग, मूलभूत हक्कांचा आणि ते हक्क न्यायालयात जाऊन मागण्याचा जो भाग, तो सबंध भाग ह्या जमा केलेल्या बंदुकीची पावती आहे. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात तर डॉ. आंबेडकरांनी ह्या व्यवहाराची दुसरी बाजूही मांडली : रक्तपाताचे मार्ग तर सोडलेच पाहिजेत, पण सनदशीर मार्ग उघडे असताना असहकार, कायदेभंग आणि सत्याग्रह ह्यांनाही जागा उरत नाही. नागरिकाने बंदूक ठेवली, सत्याग्रह ठेवला, सारे काही सरकारजमा केले. आता सनदशीर मार्ग उघडा ठेवणे ही राज्याची जबाबदारी उरली.

तो मार्ग मात्र घटना समितीनेच एका ठिकाणी आतून कडी घालण्यासारखा करून ठेवला, आणि हे ज्यांच्या ध्यानात आले त्यांत पुन्हा कामतच होते. आणीबाणीच्या काळात मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थगित करता येईल, असे सांगणारा अनुच्छेद, आजचा ३५९वा, ऑगस्ट १९४९ मध्ये संमत झाला तेव्हा त्यांनी सभागृहात उभे राहून हा शरमेचा आणि दुःखाचा दिवस असल्याचे सांगितले. बंदुकीच्या वेळी ते चुकले होते. ह्या वेळी सभागृह चुकले. ह्या दोन प्रसंगांची सांगड आपल्या अभ्यासकांनी फारशी घातलेली नाही, ह्याचे मला नेहमीच नवल वाटते. जी सभा नागरिकाच्या खांद्यावरून बंदूक उतरवून घेते तिने बंदिखान्याच्या किल्लीवर दुप्पट पहारा ठेवावयास हवा होता. तिने ती किल्ली ज्याच्या हाती बंदूक दिली त्याच्याच कमरेला अडकविली.

त्याचे फळ सत्तावीस वर्षांनी मिळाले, आणि ते आमच्या उच्च न्यायालयाच्या गावाचे नाव लावूनच मिळाले. जून १९७५ च्या आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांच्या अर्जांची सुनावणी होऊ शकते असा निर्णय जबलपूरच्या उच्च न्यायालयाने दिला. इतर अनेक उच्च न्यायालयांनीही तसाच दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २८ एप्रिल १९७६ रोजी, ‘अपर जिल्हादंडाधिकारी, जबलपूर’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात, चार विरुद्ध एक अशा मतांनी ठरले की त्या आदेशाच्या अंमलात स्थानबद्ध माणसाला न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरुद्ध गेले, आणि पुढे ज्येष्ठता असून सरन्यायाधीशपदास मुकले. चौघांत पुण्याकडचे यशवंतराव चंद्रचूड होते. त्यांच्याच पुत्राने, धनंजय चंद्रचूडांनी, २०१७ सालच्या खासगीपणाच्या खटल्यात हा निर्णय मोडीत काढला. पण ते एक्केचाळीस वर्षांनंतर. १९७६ साली स्थिती अशी होती, की बंदूक मालखान्यात आणि पावती रद्द. १९७८च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने विसावा व एकविसावा अनुच्छेद आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असे ठरविले. ती करणाऱ्या लोकसभेत होशंगाबादहून निवडून आलेले कामत बसलेले होते, हे वाचून निदान मला तरी बरे वाटले.

येथे बहुमताच्या मर्यादेचा प्रश्न त्याच्या पूर्ण स्वरूपात उभा राहतो. संविधान बदलण्याचा अधिकार ३६८व्या अनुच्छेदाने संसदेला दिला आहे : एकूण सभासदसंख्येचे बहुमत, आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश. हा अधिकार प्रथम वापरला गेला तो १९५१च्या जूनमध्ये, पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायच्याही आधी, हंगामी संसदेकडून; म्हणजे प्रौढ मताधिकाराने जिला अद्याप कोणी निवडलेच नव्हते अशा सभेने जनतेच्या नावाने संविधान बदलले. त्या दुरुस्तीने नववे परिशिष्ट जन्माला घातले, आणि ज्या तेरा कायद्यांना त्यात न्यायालयापासून संरक्षण मिळाले त्यांत मध्यप्रदेशचा मालगुजारी नष्ट करणारा कायदाही होता. बालाघाटच्या हजारो कुळांना ह्या कायद्याने जमिनीवर उभे केले. माझ्या आजोबांचे नाव खसऱ्यात लागले ते ह्यामुळेच. तेव्हा न्यायालयाचे तोंड बंद करणाऱ्या दुरुस्तीविरुद्ध तावातावाने लिहिताना माझी लेखणी जरा अडखळते; जिच्यावर टीका करावयाची तिच्याच बांधीतला भात खाऊन मी वाढलो आहे. बहुमताने मर्यादा ओलांडली ती एकदा आमच्या हिताची होती. पण त्या परिशिष्टात पुढे पुढे जे कायदे शिरले त्यांतील पुष्कळांचा गरिबाच्या जमिनीशी काही संबंध नव्हता, आणि एका दाराने गाय आत घेतली की तिच्यामागे गावची सारी गुरे शिरतात हा अनुभव आम्हा शेतकऱ्यांस नवा नाही.

१९६७च्या गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांना हात लावण्यास संसदेला मनाई केली, ती सहा विरुद्ध पाच मतांनी. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात ती मनाई मागे घेऊन, संविधानाची मूलभूत चौकट मात्र मोडता येणार नाही असे ठरविले, तेही तेरा न्यायाधीशांत सात विरुद्ध सहा मतांनी. म्हणजे संसदेच्या दोनतृतीयांश बहुमताला आवर घालणारी रेघ एका मताने ओढली गेली. आणि हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत शस्त्राचा हक्क १७९१ सालापासून संविधानाच्या दुसऱ्या दुरुस्तीत आहे. परंतु तो हक्क नागरी सैन्यपथकाचा की व्यक्तीचा हा वाद दोन शतके रेंगाळत राहून २००८ साली, हेलर खटल्यात, तो व्यक्तीचा आहे असे ठरले ते पाच विरुद्ध चार मतांनी. तेथे तो हक्क काढून टाकावयाचा तर दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश आणि पन्नासांपैकी अडतीस राज्यांची संमती लागते. तेरा लहानसहान राज्ये आडवी पडली की उरलेल्या देशाचे बहुमत निष्प्रभ. ऑस्ट्रेलियाने १९९६ साली पोर्ट आर्थरच्या हत्याकांडानंतर काही महिन्यांत बंदुका परत विकत घेतल्या, कारण तेथे शस्त्र हा संविधानाचा विषयच नव्हता.

मग बहुमताची मर्यादा ही शेवटी एका लहानशा बहुमतानेच ठरत असेल, तर दोहोंत फरक तो काय? फरक आहे, आणि तो मला शस्त्र अधिनियमातील त्या लेखी कारणाच्या कलमाने शिकविला. मतदाराला आपल्या मताचे कारण सांगावे लागत नाही, आणि तसे असणेच योग्य. संसदेतील सभासदाला पक्षादेशापलीकडे कारण लागत नाही. न्यायाधीशाला मात्र कारण लिहून द्यावे लागते, आणि लिहिलेले कारण उद्या कोणीही खोडू शकतो. खन्नांचे मत हरले. पण ते लिहिलेले होते, म्हणून एक्केचाळीस वर्षांनी ते पुन्हा उघडता आले.

बहुमताचा एक चटका असा आहे की तो आमच्या सीमेवरील माणसालाच पुरता कळेल. १९५४ साली आमच्या शेजारच्या भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली आणि ज्याने संविधानाचा मसुदा सिद्ध केला त्याच डॉ. आंबेडकरांचा मतदारांनी पराभव केला. आणि कोणाच्या मताची किंमत कमी मानावी असे त्यांनी कधी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. तिसऱ्या अनुच्छेदाने राज्याची सीमा बदलण्यास संसदेचे साधे बहुमत पुरते; विधानसभेचे केवळ मत मागवायचे, ते मानलेच पाहिजे असे नाही. वैनगंगेच्या ह्या काठची मराठी एका रात्रीत अल्पसंख्याकांची भाषा झाली. परंतु ह्या फेररचनेसोबत आलेल्या सातव्या दुरुस्तीनेच ३५०-अ हा अनुच्छेद घालून भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न करावा असे राज्यांस सांगितले, आणि ३५०-ब ने त्यावर नजर ठेवण्यास एक विशेष अधिकारी नेमला. म्हणजे बहुमताने घेतले आणि पावती दिली. ती पावती किती वटली हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने आमच्या तहसिलीतील शाळांतून एक फेरी मारावी.

शेवटच्या प्रकरणांत मी ज्या काळाविषयी लिहिले आहे त्याविषयी येथे फार बोलत नाही, कारण तो अजून पुरता इतिहास झालेला नाही. १९९९च्या डिसेंबरात राज्याचे मंत्री आणि किरणापूरचे आमदार लिखीराम कावरे ह्यांची त्यांच्याच सोनपुरी गावी नक्षलवाद्यांनी हत्या केली. हजारोंच्या मतांनी निवडलेला माणूस मूठभरांच्या शस्त्राने संपविला, तेव्हा जिल्ह्यात जो सन्नाटा पसरला तो मला आठवतो. क्रांतीच्या नावाने बंदूक उचलणाऱ्यांस बहुमत मोजावे असे कधी वाटलेच नव्हते. पण उलट बाजूही सांगितली पाहिजे. २००० साली आमच्यापासून वेगळ्या झालेल्या छत्तीसगडमध्ये, २००५ पासून, नक्षलवाद्यांविरुद्ध उभ्या केलेल्या सलवा जुडूम मोहिमेच्या काळात, आदिवासी तरुणांना अल्प मानधनावर विशेष पोलीस अधिकारी म्हणून बंदुका देण्यात आल्या. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवून त्या बंदुका परत घेण्याचा हुकूम दिला. येथे मला डॉ. आंबेडकरांचा तो तिसरा पदर, शस्त्राच्या कर्तव्याचा, पुन्हा आठवला. राज्य नागरिकाला शस्त्र उचलावयास सांगू शकते. पण शिक्षण नाही, कवच नाही आणि जबाबदारीचा ठाव नाही अशा पोराच्या हाती ते देऊन त्याच्याच गावकऱ्यांसमोर त्याला उभे करणे, हे ते कर्तव्य नव्हे. निवडून आलेल्या सरकारनेच ते केले होते, ही त्यातली अवघड गोष्ट आहे.

२०२३च्या विधानसभा निवडणुकीत बैहर, लांजी आणि परसवाडा ह्या तीन मतदारसंघांत मतदान दुपारी तीनलाच थांबविण्यात आले. बाकी राज्यात बहुतेक ठिकाणी ते सायंकाळपर्यंत चालले. अंधाराआधी पेट्या आणि माणसे जंगलातून बाहेर पडावीत म्हणून. घटना समितीतील त्या जुन्या वादाचा अर्थ मला ह्या तीनच्या ठोक्याइतका दुसऱ्या कशानेच समजला नाही.

ग्रंथाच्या भाषेविषयी एक खुलासा करून थांबतो. कचेरीतील कागद आमच्याकडे हिंदीत असतात, न्यायालयातील इंग्रजीत, आणि घरातील भांडण पोवारीमिश्रित मराठीत. त्यामुळे परवाना, दरखास्त, मालखाना, जमानत असे शब्द मी शुद्धीच्या आग्रहाने बदलले नाहीत. कास्तकाराने जो शब्द तोंडात घोळविला त्यालाच त्या व्यवहाराचे वजन असते.

आरंभी सांगितलेली पावती पुढील पानावर जशीच्या तशी छापली आहे. नाव आणि क्रमांक तेवढे झाकले आहेत. वाचकांपैकी कोणी चाणाक्ष असेल तर त्याला शंका येईल, की निवडणूक आटोपल्यावर पावती परत देऊनच बंदूक मिळते. मग ही घरात राहिली कशी? त्या खेपेस वडील बंदूक आणावयास गेलेच नाहीत. दृष्टी मंदावली होती, आणि बांध्यांभोवती तारेचे कुंपण झाले होते. पुढे परवान्याची मुदत सरली, वडीलही गेले, आणि आम्हां भावंडांपैकी कोणी वारसाचा अर्ज केला नाही. पावतीवर कारकुनाच्या सुबक अक्षरात एवढेच वर्णन आहे : भरमार बंदूक, एकनळी, एक नग, कुंदा तडकलेला.